बेरिंग कशानं जाते?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्याचं नाव जगभर पोचलं. ३ तारखेच्या सकाळी सुरू झालेलं डांबरीकरण रात्रंदिवस चालून ७ तारखेच्या संध्याकाळी थांबलं आणि १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा ७५ किलोमीटरचा सलग पट्टा तयार झाला. अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या माना गावापर्यंत. सातशेवर माणसं उन्हातान्हात राबत होती. गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारच्या नावावर होता, तो पंचवीस किलोमीटरच्या आसपासचा.

ज्यांनी त्याआधीची कित्येक वर्षं हा रस्ता खड्ड्यांतून काढला, त्यांना या बातमीचं मोल वेगळं सांगायला नको. पण जुन्या गाड्या वापरणाऱ्यांना त्या गुळगुळीत डांबरानं आणखी एक गोष्ट दिली. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीतले सगळे आवाज एकमेकांत मिसळून जातात. पाटे कुरकुरतात, बुश ठोकतात, दरवाजे खडखडतात, टपावरचं कॅरिअर थरथरतं. रस्ता सपाट झाला, तसे हे आवाज एकेक करून गळले आणि खालून येणारी एकच घरघर उरली. साठच्या वेगाला सुरू होणारी, सत्तरला ठळक होणारी, लांबवर पिठाची गिरणी चालू असावी तशी. गाडी न्यूट्रलला टाकली तरी ती थांबत नाही, कारण तिचा इंजिनाशी संबंधच नसतो. ती चाकाबरोबर वाढते आणि चाकाबरोबर कमी होते. आमच्या घरच्या जुन्या एसयूव्हीतली अशी घरघर मी याच रस्त्यावर पहिल्यांदा नीट ऐकली. नंतर अमरावतीच्या वलगाव रोडवर आणि अकोल्याच्या बाळापूर नाक्याकडं मिस्त्री लोकांसोबत बसलो, चाकं उघडताना पाहिली, ग्रीसमध्ये हात घातले. हा लेख त्या घरघरीचा आहे.

वऱ्हाडात जुनी एसयूव्ही ही हौसेची वस्तू नाही. टाटा सुमो १९९४ मध्ये आली. टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांच्या नावातल्या अक्षरांवरून तिचं नाव ठेवलं गेलं. बोलेरो २००० मध्ये आली, स्कॉर्पिओ २००२ मध्ये, आणि या दोन्ही नाशकातच बनायच्या. त्या पिढीतल्या गाड्या आजही एमएच २७ आणि एमएच ३० च्या पाट्या लावून परतवाड्याहून सेमाडोहला जातात, वरूड-मोर्शीकडं संत्र्याच्या बागांत उतरतात, अकोट-तेल्हाऱ्याच्या गावांतून पेशंट घेऊन अकोल्याच्या दवाखान्यांत येतात. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली. लोक ती भरतात. शेताच्या पांदणीत उतरून परत वर येणारी दुसरी गाडी घेण्याइतका पैसा प्रत्येक घरात नसतो. अशा गाडीची बेरिंग गेली म्हणून ती भंगारात जात नाही. ती दुरुस्त होते, आणि नीट दुरुस्त झाली तर पुढं कित्येक वर्षं चालते. नीट झाली तर, हे महत्त्वाचं.

कारण मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या खराब बेरिंगा पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. नुसतं वय झालं म्हणून गेलेली बेरिंग फार थोडी सापडते. तिला मारतात ती माती, पाणी, ओझं आणि मागच्या वेळी बसवताना झालेली घाई.

सुमोच्या पिढीतल्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेरिंगा असतात. आतली मोठी, बाहेरची लहान. बाहेरचं पोलादी कडं हबमध्ये ठोकून बसवलेलं असतं, त्याला गॅरेजमध्ये कप म्हणतात. आतला भाग, म्हणजे जाळीत ओवलेले निमुळते रोलर आणि त्यांच्या पोटातलं कडं, तो कोन. रोलर निमुळते असतात, कारण चाकाला फक्त वरून वजन येत नाही. वळणावर बाजूनंही रेटा येतो. साधी गोळ्यांची बेरिंग वरचं वजन पेलते, बाजूच्या रेट्याला कच्ची पडते. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेननं ही अडचण ओळखून १८९८ मध्ये टेपर रोलर बेरिंगचं पेटंट घेतलं. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १७९४ मध्ये, वेल्समधल्या फिलिप व्हॉननं गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेरिंगचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे या यंत्रभागाचा जन्मच गाडीच्या चाकासाठी झाला.

आपल्याकडं तेव्हा आणि त्यानंतरही फार काळ बंडी वंगणावर चालली. तुंब्याच्या भोकात आस, दोहोंच्या मध्ये वंगण, आणि वंगण आटलं की अख्ख्या शिवाराला ऐकू जाणारी करकर. घर्षण तिथंही होतंच, पण वेग बैलाच्या पावलाचा होता. शंभराच्या वेगाला त्या व्यवस्थेचा काही मिनिटांत धूर होईल. २१५/७५ आर १५ मापाचा टायर एका किलोमीटरमध्ये साडेचारशेहून थोडे जास्त फेरे घेतो. अमरावती-अकोला हे शंभरेक किलोमीटरचं अंतर धरलं, तर एका खेपेत प्रत्येक चाक पंचेचाळीस हजार वेळा फिरतं, आणि दर फेऱ्याला गाडीच्या वजनाचा आपला वाटा घेऊन ते रोलर त्याच कपावरून जातात.

बेरिंगच्या इतिहासातली एक गोष्ट तर वऱ्हाडात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग शहरात एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनिअर देखभालीचं काम पाहत होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती हलायची, तिच्याबरोबर इमारत हलायची, आणि छताला टांगलेले लांबच लांब शाफ्ट वाकडे होऊन बेरिंगा भराभर जायच्या. विंगक्विस्टनं १९०७ मध्ये शाफ्ट थोडा कलला तरी आपोआप जुळवून घेणारी बेरिंग शोधली आणि त्यातून एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. पुढं तिचा कारखाना आपल्या चिंचवडला आला. चिकणमाती आणि कापूस, या दोन्ही गोष्टी वऱ्हाडात घरच्या आहेत. आपली काळी कसदार जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर बांधलेला रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. डांबराला लाटा येतात, कडा खचतात, पुलाच्या तोंडाशी पायरी तयार होते. त्या प्रत्येक पायरीचा ठोका टायर, रिम, हब असा करत शेवटी बेरिंगच्या रोलरवर जातो, आणि रोलर कपाला टेकतो ती जागा केसाएवढी अरुंद असते. ठोका जोराचा असेल तर कपावर रोलरचा ठसा उमटतो. तिथून पुढं त्या बेरिंगचे दिवस मोजायचे.

मातीचा दुसरा हल्ला थेट असतो. पावसाळ्यात पांदणीतून गाडी काढली की काळा चिखल रिमच्या आतल्या बाजूला आणि ऑइल सीलच्या भोवती थापला जातो. दोन दिवस ऊन पडलं की तो दगड होतो. चाक फिरताना तो दगड सीलच्या रबरी ओठाला घासत राहतो, ओठ झिजतो आणि बारीक माती आत शिरते. ग्रीस आणि माती एकत्र झाली की ती पॉलिशची पेस्ट होते. मग ग्रीस राखायच्या ऐवजी खरवडायचं काम करतं.

पाण्याचं कारण मला सगळ्यात विलक्षण वाटतं. तासभर चाललेल्या गाडीचं हब गरम असतं आणि आतली हवा फुगलेली असते. अशा वेळी गाडी नाल्याच्या थंड पाण्यात उतरली की हब एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. सील चांगलं असलं तरी थोडं जातं, झिजलेलं असलं तर भरपूर. मेळघाटात सिपना नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या रपट्यांवरून पावसाळ्यात गाड्या अशाच जातात. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातलं भूजल खारं. त्या पाण्यानं, तेही प्रेशरच्या नळीनं हबवर धार मारून, गाड्या धुतल्या जातात. पोलाद, पाणी आणि मीठ एकत्र आल्यावर गंजायला फार वेळ लागत नाही. गाडी आठवडाभर उभी राहिली की रोलर जिथं टेकून थांबले, नेमक्या तिथं काळ्या रेषा उमटतात.

ओझ्याचं गणित मात्र निर्दय आहे. रोलर बेरिंगचं आयुष्य ओझ्याच्या सरळ प्रमाणात घटत नाही. ते ओझ्याच्या दहा-तृतीयांश घातानं घटतं. सोप्या भाषेत, बेरिंगवरचं ओझं दुप्पट झालं तर आयुष्य निम्मं होत नाही, दहाव्या हिश्शावर येतं. हे सूत्र कित्येक दशकांपासून जगभर वापरात आहे. काळी-पिवळीत नऊच्या जागी पंधरा माणसं बसवून वर टपावर कापसाची गाठोडी आणि मागं दोघं लटकलेले, हे दृश्य ज्यानं पाहिलं आहे त्याला त्या गाडीच्या मागच्या बेरिंगा वारंवार का जातात, हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वे थांबल्यावर त्या भागातल्या माणसांनी जायचं कशानं, हा प्रश्न मोठा आहे. त्यासाठी या ड्रायव्हरला दोष देता येत नाही. पण बेरिंगला माणसाची अडचण कळत नाही.

आता निदान. इथं मिस्त्रीची खरी परीक्षा लागते, कारण घरघर ऐकून लगेच बेरिंग बदलणारे खूप आहेत आणि नवी बेरिंग टाकूनही तीच घरघर घेऊन घरी जाणारे ग्राहकही तितकेच. वलगाव रोडवरच्या ज्या मिस्त्रींकडं मी गेलो, त्यांनी जॅककडं पाहिलंही नाही. आधी टायरवरून उलटसुलट हात फिरवला. "बेरिंग नंतर पाहू भाऊ. आधी टायर काय बोलून राह्यला ते तं ऐकू द्या," म्हणाले. टायरची नक्षी एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट हात फिरवला की करवतीसारखी लागत असेल, किंवा अंतराअंतरावर खोलगट झिजली असेल, तर तो टायरही बेरिंगसारखीच घरघर करतो. फरक ओळखायची सोपी रीत रस्त्याची आहे. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरावर एक, सिमेंट काँक्रीटवर दुसरा. बेरिंगला खाली काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. शंका उरली तर पुढची चाकं मागं आणि मागची पुढं करून बघायची. आवाज चाकाबरोबर मागं गेला तर बेरिंग निर्दोष.

मग रस्त्यावरची चाचणी. मोकळा रस्ता, मागंपुढं कुणी नाही, वेग साठच्या आसपास. स्टिअरिंग हलकेच उजवीकडं घेतलं की गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं. घरघर वाढली तर डावी बाजू, कमी झाली तर उजवी. उलट दिशेनं खात्री करून घ्यायची. मिस्त्री स्वतः चालवत नाहीत; दुसऱ्याला चालवायला लावून ते मागच्या सीटवर बसतात, डोकं एकदा पुढं झुकवतात, एकदा मागं टेकवतात. गाडीच्या पत्र्यातून आवाज कुठंही फिरतो, पुढच्या चाकाचा मागून आल्यासारखा वाटतो, म्हणून एवढी खबरदारी.

गॅरेजवर परतल्यावर हात लावून बघण्याचं काम. घाईघाईत ब्रेक न दाबता गाडी अलगद थांबवली असेल तर चारही हबची उष्णता तुलना करण्याजोगी असते. एक चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम असेल तर संशयाला जागा आहे. पण अडकलेला कॅलिपरही चाक तापवतो, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. रेल्वेत हीच गोष्ट फार गांभीर्यानं पाळली जाते. गाडी स्टेशनात शिरताना कर्मचारी रुळाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून चालत्या डब्यांच्या चाकांकडं बघतात आणि ऐकतात. तापलेल्या बेरिंगला तिथं हॉट अ‍ॅक्सल म्हणतात आणि तो डबा गाडीतून काढून टाकतात. कारण पुढं आस तुटून गाडी घसरू शकते. रस्त्यावरच्या गाडीतही शेवट तोच असतो, फक्त त्याची चौकशी होत नाही. बेरिंग पूर्ण गेली की हब स्टब एक्सलवर जाम होतं, किंवा नट खाऊन चाक निघून जातं.

जॅक लावला, घोडी लावली (घोडी लावल्याशिवाय नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी हात घालू नये, हे मी प्रत्येक गॅरेजमध्ये पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं), की चाक वर आणि खाली धरून हलवायचं. घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी. खट् असा प्ले जाणवला तर बेरिंग किंवा बॉल जॉइंट. इथं एका माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. ब्रेकनं हब आणि नकल एकमेकांना बांधले जातात, त्यामुळं प्ले नाहीसा झाला तर दोष बेरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावरच प्ले लागत असेल तर आधी टाय रॉडकडं बघायचं. शेवटी चाक हातानं फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. गेलेली बेरिंग स्प्रिंगमधून बोटांना कळते, बारीक खरखर होऊन. कानाला काही ऐकू येत नाही अशा वेळीही ती कळते. मिस्त्रींनी माझा हात धरून तिथं ठेवला. डावीकडच्या स्प्रिंगला काहीच नव्हतं. उजवीकडच्या स्प्रिंगमधून वाळू सरकावी तसं काहीतरी तळहाताखाली सरकत होतं.

एक लक्षण लोक हमखास ब्रेकच्या खात्यात टाकतात. हबला प्ले आला की डिस्क थोडी डुलते आणि पॅडना मागं ढकलते. मग पुढच्या वेळी ब्रेक दाबला की पेडल आधी खोल जातं, दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं. ब्रेक ऑइल बदलून, हवा काढून, मास्टर सिलिंडर बदलूनही हे जात नसेल तर चाक हलवून बघावं.

चाक उघडायचं काम पाहताना एक गोष्ट लक्षात येते, की चांगला मिस्त्री वेळ कुठं घालवतो आणि कुठं नाही. कॅलिपर काढून तो तारेनं वर बांधतो, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवत नाही. हबच्या तोंडावरची ग्रीस कॅप, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरची बेरिंग, मग अख्खं हब. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं. त्यानंतर तो बसतो. बेरिंगा डिझेलमध्ये धुऊन उजेडात फिरवतो. आमच्या उजव्या आतल्या कपाच्या एका भागात पोलादाचे पापुद्रे उडालेले होते, नखाला अडकतील असे खड्डे. ओझं कायम खालच्या बाजूला येतं, आणि पुढचा कप हबबरोबर फिरत असल्यानं त्याच्यावर सगळीकडं झीज दिसायला हवी होती. पण ती एकाच जागी होती. मिस्त्रींनी कप उलटा करून मागची बाजू दाखवली. हबमध्ये बसताना तो एका बाजूला तिरपा राहिला होता, मध्ये जुन्या पोलादाचा एक बारीक कचरा चेपलेला. मागच्या वेळी कुणीतरी जागा न पुसता नवा कप ठोकला होता. तेवढ्या कचऱ्यानं बेरिंग मेली.

याच कारणासाठी बेरिंग बदलण्याच्या कामात सर्वात जास्त वेळ धुण्यापुसण्याला जायला हवा. जुना कप पंचनं आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ठोकत बाहेर काढायचा. बसण्याची जागा रॉकेलनं धुऊन बोटानं चाचपायची. नवा कप सरळ ठेवून, जुन्या कपाची कड थोडी घासून तोच वर धरून, हातोडीनं ठोकायचा. कप अर्ध्यात असताना ठोक्याचा आवाज पोकळ येतो आणि तळाला टेकला की एकदम भरीव होतो. मिस्त्री त्या आवाजावर थांबतात. कप आणि कोन नेहमी जोडीनंच बदलायचे. नवा कोन जुन्या कपात घातला तर जुन्याचे खड्डे नव्याला लागतात. वेल्डिंगचा विषयही इथंच सांगतो. सायलेन्सर किंवा कॅरिअर वेल्ड करताना अर्थची क्लिप चुकीच्या जागी लावली की करंट बेरिंगमधून जातो आणि कपावर ठिणगीचे बारीक डाग पाडतो. बॅटरी सोडवून आणि क्लिप वेल्डच्या अगदी जवळ लावून वेल्डिंग करायला सांगणं हे मालकाचं काम आहे.

बेरिंग हवेच्या नळीनं वाळवताना गॅरेजातली पोरं तिला गरागरा फिरवतात, कारण शिट्टीसारखा आवाज येतो. हे बंद व्हायला हवं. कोरड्या रोलरवर ग्रीस नसतं आणि त्या वेगाला जाळी फुटून रोलर गोळीसारखे उडतात. डोळा जाऊ शकतो.

ग्रीसबद्दल आपल्याकडं फार बेफिकिरी आहे. पाट्यांना आणि पिनांना मारायचं स्वस्त चासीस ग्रीस तेच चाकातही भरलं जातं. साधं कॅल्शियमचं ग्रीस शंभर अंशांच्या आसपास पातळ होऊन वाहू लागतं. लिथियम ग्रीस वाहू लागतं ते १८० अंशांच्या पुढं, लिथियम कॉम्प्लेक्स त्याहून बरंच वर. सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याहून परतवाड्याकडं उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच आलात तर डिस्कचं तापमान दोन-तीनशे अंशांवर सहज जातं आणि ती उष्णता हबमध्ये शिरते. त्यात मे महिना आणि अकोल्याची पंचेचाळीस अंशांची दुपार. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरवणं हे ब्रेकसाठी जितकं गरजेचं तितकंच बेरिंगसाठी. ग्रीस भरायची रीत जुनीच आहे आणि तिला पर्याय नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूनं रोलरच्या मधून ग्रीसच्या जाड शेवया बाहेर येईपर्यंत. सगळा वेढा पुरा करायचा. पण हबची पोकळी पूर्ण भरायची नाही. अर्ध्याच्या आत ठेवायची, नाहीतर ग्रीस घुसळून तापतं आणि सील फोडून ब्रेकवर येतं. सील मात्र प्रत्येक वेळी नवं, आणि त्याच्या ओठालाही ग्रीसचं बोट.

बेरिंग घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. जयपूर, जमशेदपूर, वडोदरा, चिंचवड इथल्या कारखान्यांतून येणारा माल चांगला आहे; त्याच खोक्यांची नक्कल करून विकला जाणारा मालही बाजारात आहे. पक्कं बिल मागा, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, कपाच्या कडेवरचा नंबर आणि कारखान्याचं चिन्ह स्वच्छ कोरलेलं आहे का बघा, खोक्यावरचा कोड तपासा. अर्ध्या किमतीतली खरी बेरिंग कुणी विकत नाही.

मग येतो नट, आणि इथं हाताची कसोटी. टेपर बेरिंगमध्ये मोकळीक किती ठेवायची हे नटावर ठरतं. जास्त आवळला तर रोलर घासून तापतात आणि शंभर किलोमीटरमध्ये बेरिंग निळी पडते. ढिला ठेवला तर ठोके खाऊन जाते. हव्या त्या मोकळिकीचं माप बहुतेक गाड्यांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतं. मिस्त्री हब फिरवत फिरवत नट घट्ट आवळतात, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करतात आणि पुन्हा नुसत्या बोटांनी आवळतात. पान्याला हात लावत नाहीत. पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा मागं घेतात, पुढं नाही. हब फिरवून, वॉशर स्क्रूड्रायव्हरनं ढकलून बघतात; वॉशर हलायला हवा, पण सहज नाही. डायल गेज लावून मोजणारे कुणी मला या दोन शहरांत भेटले नाहीत, पण ज्यांचा हात बसला आहे त्यांचं काम गेजच्या जवळ जातं, हे मी शेजारी बसून पाहिलं आहे. पिन नवी, जुनी सरळ करून कधीच नाही.

मागच्या चाकाचं काम वेगळं आणि अवघड. तिथं बेरिंग थेट एक्सल शाफ्टवर प्रेसनं बसवलेली असते आणि तिला धरून ठेवणारी पोलादी रिंग असते. हे गॅरेजचं काम नाही, लेथवाल्याचं आहे. अकोल्यात एका लेथवर मी ते पाहिलं. जुनी रिंग छन्नीनं चीर देऊन उकलतात, शाफ्टला ओरखडा न पाडता. घाईतले लोक नवी बेरिंग सैल व्हावी म्हणून गॅसची ज्योत लावतात. बेरिंगचं पोलाद १२० अंशांच्या वर तापवू नये. त्यापुढं त्याची कडकपणाची कमाई जाऊ लागते आणि नवी बेरिंग बसतानाच जुनी होते. तेलाच्या भांड्यात थर्मामीटर ठेवून तापवणारा लेथवाला मिळाला तर त्याच्याकडं जायला दहा किलोमीटर जास्त गेले तरी चालतील. मागचं ऑइल सील त्याच वेळी बदलावं. ते गळलं तर गिअर ऑइल ब्रेक शूवर येतं आणि त्या बाजूचा ब्रेक लागतच नाही.

नव्या गाड्यांत हा सगळा खेळ संपला आहे. हबमध्येच बंद केलेली, आयुष्यभराचं ग्रीस भरलेली बेरिंग येते आणि गेली की अख्खं हब बदलायचं. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळं अशा काही बेरिंगमध्ये सीलच्या आत चुंबकीय रिंग असते; उलटी बसवली किंवा चुंबकाजवळ ठेवली की डॅशबोर्डवर दिवा पेटतो. तिथं नटाची मोकळीक ठरवायचा प्रश्नच नाही, कंपनीनं सांगितलेल्या मापानं टॉर्क रेंच लावून आवळायचं. नव्या पोरांना ते चांगलं जमतं. तेच पोर टॉर्क रेंच घेऊन सुमोच्या नटाकडं आलं तर बेरिंग जळते, कारण त्या नटाला बोटांनी आवळायचं असतं हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. या रस्त्यांवर अजून कित्येक वर्षं दोन्ही पिढ्यांच्या गाड्या चालणार आहेत. म्हणून जुन्या गाडीचं हब उघडेल त्या दिवशी मालकानं तिथं थांबावं, आणि मिस्त्रीनं शेजारी पोराला बसवून त्याचा हात नटावर ठेवावा.

काम झाल्यावर पहिल्या पाच-दहा किलोमीटरनंतर थांबून हब हातानं तपासावं. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेला आहे. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा जॅक आणि घोडी लावून बारा-सहाला चाक हलवावं. नवा कप थोडा बसलेला असतो, नट एखादी खाच पुढं घ्यावा लागतो. घेतला तर पिन पुन्हा नवी टाकावी. आणि दुसऱ्या बाजूची बेरिंगही कामाच्या दिवशीच उघडून बघायला सांगावं. दोन्ही चाकं त्याच नाल्यातून गेलेली असतात.